घोड्यापुढची काठी

सोमवारी सकाळी सम्राटनं ती काठी चिंचेनं घासून लख्ख केली आणि पुढच्या खोलीत एकदा फरशीवर आपटून पाहिली. काठीच्या डोक्याशी पितळी घुंगरांचा झुबका होता. तो असा खणखणला, की स्वयंपाकघरात त्याच्या आईच्या, जयमालाच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची ती ओट्यावर पडली. भाकरीचं एवढं काही नाही, दुसरी थापता येते. पण आतल्या खोलीत तिचे सासरे रंभाजी अंघोळ करून बंडी घालत होते, आणि तो आवाज त्यांच्या कानावर गेला होता.

बंडीची एक बाही घातलेली, दुसरी लोंबती, असे ते दारात येऊन उभे राहिले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, पण चौकटीला हात नाही, कमरेत बाक नाही. रेल्वेत पस्तीस वर्षं पॉइंट्समन म्हणून काढली तीही अशीच. साहेब आला की हात कपाळाला जाई, मान मात्र जागची हलत नसे. त्यावरून एका साहेबानं त्यांना मेमो दिला होता, तो मेमो त्यांनी लग्नाच्या फोटोशेजारी जपून ठेवला होता.

"कुठं घावली ही?" त्यांनी विचारलं.

"माळ्यावर होती, आबा. गोणपाटात गुंडाळलेली," सम्राट म्हणाला. "कसली भारी आहे ना?"

रंभाजींनी नातवाकडे बघितलंच नाही. ते बघत होते बायकोकडे. भामाबाई खाली बसून लसूण सोलत होती आणि सोललेलीच पाकळी पुन्हा सोलत होती.

"आईनं नदीत टाकली हुती ही," ते म्हणाले.

"न्हाई टाकली आत्याबाईंनी." भामाबाईनं मान वर केली नाही. "जाताना माझ्या हातात दिली. म्हनल्या, तुझ्या सासऱ्याच्या हाताचा घाम मुरलाय हिच्यात. जाळू नको, दावू नको."

साठ वर्षांचा संसार, आणि पुरुषभर उंचीची काठी बाईनं नवऱ्यापासून लपवून ठेवली. गावाकडून नगरला आली, केडगावच्या भाड्याच्या खोलीतून सावेडीच्या या घरात आली, दर खेपेला गोणपाटासकट, आणि याला पत्ता नाही. आता काय बोलावं. रंभाजींनी दुसरी बाही सावकाश घातली आणि आत वळता वळता सुनेला म्हणाले, "त्याला सांगा कुनीतरी, काय हाय ते."

सांगायचं होतं भीमराजनं. जयमालाच्या नवऱ्यानं, सम्राटच्या बापानं. तो म्हणायचा, आधी पोराची दहावी होऊ दे. मग म्हणायला लागला, डिप्लोमा होऊ दे, नोकरी लागू दे, कोवळ्या डोक्यावर हे ओझं कशाला. नोकरी लागली आणि त्याच उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेनं आठ दिवसांत भीमराजला नेलं. उरली जयमाला. जिल्हा परिषदेच्या शाळेत सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना इतिहास शिकवणारी बाई, आणि स्वतःच्या पोराला घरचाच इतिहास सांगायला तिची जीभ रेटली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मुठीत काय आहे हे निदान हाताच्या मालकाला तरी ठाऊक हवं की नको?

तिनं चहा केला, पोराला समोर बसवलं आणि सांगितलं. ही घुंगरकाठी. गावच्या महाराची. खांद्यावर घोंगडी आणि हातात ही, म्हणजे कोण येतंय ते लांबूनच कळावं. पाटील घोड्यावरून निघाला की यानं पुढं पळायचं, काठी आपटत वाट मोकळी करायची. समोर आला की कमरेत वाकून, हात मातीला लावून जोहार घालायचा. छप्पन्न साली गावात दीक्षा झाली, त्या दिवशी घराघरातून अशा काठ्या निघाल्या आणि गोदावरीत गेल्या. आबा तेव्हा तेरा वर्षांचे होते. आदल्या साली त्यांचे वडील तापानं अंथरुणाला खिळले होते, म्हणून तो सबंध हंगाम ही काठी आबांनीच धरली होती. गावापासून पुणतांबा स्टेशनापर्यंत ते घोड्यापुढं पळाले होते.

सम्राटचा चहा निवून गेला. तो म्हणाला, "मम्मी, मी तिचा फोटो कंपनीच्या कार्निव्हलवाल्यांना आधीच दाखवलाय. सगळा रथ तिच्यावरच उभा केलाय त्यांनी."

तर ते कार्निव्हल. सम्राट सुप्याच्या एमआयडीसीत ज्या कंपनीत मेंटेनन्सला होता, तिनं या वर्षी नगरला कार्निव्हल भरवायचं मनावर घेतलं होतं. नगरच्या रस्त्यांना मिरवणुका नव्या नाहीत. गणपती जातात, मोहरमच्या सवाऱ्या जातात, चौदा एप्रिलला निळा गुलाल उडतो. पण त्यात कुणाचा तरी देव असतो, कुणाचं तरी दुःख असतं, कुणाचा तरी बाप असतो. कार्निव्हलला यातलं काही लागत नाही, नुसता रविवार लागतो. ते बसवायला कंपनीनं थेट ब्राझीलहून एक माणूस आणला होता, रेनातो त्याचं नाव. त्यानं कामगारांना सांगितलं, घरातली एक जुनी वस्तू आणा, आपण तिची गोष्ट रस्त्यावर आणू. कुणी जातं आणलं, कुणी पखाल. सम्राटनं माळ्यावर चढून काठी शोधली आणि लेझमीसारखं काहीतरी असावं म्हणून फोटो पाठवून दिला. रेनातोनं कुठल्याशा जुन्या पुस्तकात तशाच काठीचं चित्र हुडकलं. चित्रात काठीवाल्याच्या मागं घोडा होता आणि घोड्यावर पाटील. झालं. 'गावगाडा' नावाचा चित्ररथ ठरला. काठी सम्राटच्या हातात, आणि घोड्यावर आदिनाथ.

हा आदिनाथ कोण? त्यांच्याच गावच्या पाटलांचा पणतू. ज्या घोड्यापुढं रंभाजी पळाले, त्या घोड्यावर याचा पणजोबा होता. सम्राटचा जिवाभावाचा मित्र, सम्राटनंच त्याला कंपनीत चिकटवलेलं. जयमालाच्या हातची शेंगोळी खायला महिन्यातून दोनदा यायचा, जेवल्यावर आपलं ताट आपण घासायचा. त्याला कुणी सांगितलं असतं तर तो घोड्यावर बसायला तयारच झाला नसता. पण त्याच्याही घरात कुणी काही सांगत नसावं.

गुरुवारी संध्याकाळी सम्राट रेनातोलाच घरी घेऊन आला. त्याच्या पाठोपाठ भीमराजचा धाकटा भाऊ वाल्मिकही आला. वाल्मिक म्हणजे बारा गावचं पाणी प्यालेला माणूस. महापालिकेच्या तिकिटासाठी दोन पक्ष फिरून झाले होते आणि आता तो कार्निव्हलच्या समितीवर होता. रेनातो दारात आला तशी भामाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. काळाभोर, उंच, दाट कुरळ्या केसांचा माणूस. "हा तर आपल्यातलाच दिसतोय," ती सुनेच्या कानात म्हणाली. रेनातोला कुणीतरी पढवलं असावं, तो सरळ रंभाजींच्या पायांकडे वाकला. रंभाजींनी पाय मागं घेतले, त्याचे दोन्ही खांदे धरून त्याला उभं केलं आणि म्हणाले, "आमच्या घरात वाकत न्हाईत. बस."

मग रेनातो बोलत गेला आणि सम्राट ते मराठीत सांगत गेला. त्याचा खापरपणजोबा गुलाम होता. उसाच्या मळ्यात, पायात साखळी. ज्या ढोलावर आज सगळं जग नाचतं तो ढोल वाजवला म्हणून त्या लोकांना फटके बसत. त्यांनी ढोल टाकून दिला नाही. वर्षातून चार दिवस ते राजाराणीचे कपडे घालून मालकाच्याच रस्त्यावर उतरले आणि नाचत राहिले, आणि अखेर रस्ता त्यांचा झाला. जी गोष्ट तुम्हाला लाजवायला हातात दिली गेली, ती तुम्ही लपवलीत तर लाज तुमची राहते. ती डोक्यावर घेऊन चाललात की लाज त्यांची होते.

खोटं नव्हतं ते. जयमालाला ऐकताना गलबलून आलं. आपलं पोर तीन दिवस तोंडात घास घेत नव्हतं, त्याला या परक्या माणसानं उभं राहायला जागा दिली होती, हे तिला दिसत होतं. आईच ती, तिथंच विरघळली.

वाल्मिकनं लगेच री ओढली. आता कोण जात मानतंय, उलट समाजाचं नाव होईल, समोर पालकमंत्री असणार, पेपरला फोटो येणार. तो बोलायला लागला की ऐकणाऱ्याला आपणच सभेला आल्यासारखं वाटे. रंभाजींनी त्याला बोलू दिलं आणि मग रेनातोकडे वळून विचारलं.

"तुमच्या पायातली साखळी तुमी नाचात घालता का?"

सम्राटनं ते इंग्रजीत सांगितलं. रेनातो म्हणाला, नाही. ढोल घेतो. साखळी नाही.

"ढोल तुमचा हुता. तुमच्या बापजाद्यानं केल्याला. ही काठी आमची न्हवं. ही आमच्या हातात त्यांनी दिली." रंभाजी शांतपणे बोलत होते. "साखळीला घुंगरं लावली म्हनून तिचा ढोल हुतो व्हय?"

यावर बोलला तो सम्राट, आणि जरा कडवटपणे. त्याचं म्हणणं, आबा, तुम्ही सगळ्यांनी मिळून मला आंधळं ठेवलंत. सव्वीस वर्षांत एकानं तोंड उघडलं नाही. आता मी माझ्या डोळ्यांनी बघून एक गोष्ट करतोय, तर तीही करू नको? लपवायचं तुम्ही ठरवलंत, मग दाखवायचं तरी मला ठरवू द्या.

भामाबाई पदरानं डोळे पुसत आत गेली. आणि जयमालानं ती चूक केली, जी शिकलेली माणसं हमखास करतात. तिनं मधला रस्ता काढला.

तिनं रेनातोला विचारलं, चित्र बदलता येईल का? तो म्हणाला, येईल, बदलायलाच हवं. दोघांनी सम्राटला मधे घेऊन तासभर कागदावर रेघा ओढल्या. ठरलं ते असं. सम्राट घोंगडी घेणार नाही, पांढराशुभ्र सदरा घालील. काठी जमिनीवर आपटणार नाही, झेंड्यासारखी दोन्ही हातांनी उंच धरील. चालेल राजासारखा, संथ. माणिक चौकात तो वळून घोड्यासमोर उभा राहील, घोडा थांबेल. आदिनाथ खाली उतरेल, पागोटं काढील आणि पुढचा रस्ता दोघं बरोबरीनं, खांद्याला खांदा लावून चालतील. दुसऱ्या दिवशी आदिनाथला बोलावून सगळं सांगितलं. पोरगा पांढरा पडला. म्हणाला, काकू, मी नकोच, दुसऱ्याला बसवा. पण खाली उतरायचं आहे म्हटल्यावर तयार झाला. म्हणाला, उतरायला मीच पाहिजे.

जयमालानं हे सासऱ्यांना जाऊन सांगितलं. मान खाली घालणार नाही तो, मामा, असं दोनदा सांगितलं. रंभाजींनी ऐकून घेतलं.

"घोडा कुठं असंल?" त्यांनी विचारलं.

"मागं. चौकापर्यंत."

"अन् पोरगं?"

"पुढं."

"हं," ते म्हणाले आणि पेपर उघडून बसले. जयमालानं ते होकारार्थी धरलं. आपल्याला हवा तो अर्थ काढायला माणसाला किती वेळ लागतो?

रविवारी दुपारी तीनलाच रंभाजी कोट-टोपी घालून तयार झाले. वाल्मिकला म्हणाले, मला बघायला न्यायचं. वाल्मिकला आकाश ठेंगणं झालं, त्यानं माणिक चौकात अगदी रस्त्याच्या कडेला दोन खुर्च्या धरून ठेवल्या. भामाबाई काही आली नाही. मला न्हाई बघायचं, म्हणाली, आणि सून बाहेर पडेपर्यंत तोंड फिरवून उभी राहिली.

चौकात मुंगीला वाट नव्हती. माळीवाड्याकडून एकेक प्रकार यायला लागला. काचेच्या डोळ्यांचा मोठा राक्षस, उंच बांबूंवर चालणारी माणसं, पिसांचे मुकुट घातलेल्या कॉलेजच्या पोरी, त्यांच्यात दोन ओळखीच्या मास्तरांच्या. एका ट्रकवर कामगारांचे मोठाले ढोल, ठेका परका पण हात आपल्याच पोरांचे, आणि बघता बघता कापड बाजारातल्या बायका दुकानाच्या पायऱ्यांवर ताल धरायला लागल्या. छान होतं, उगाच नावं कशाला ठेवा. जयमालाचाही पाय हलत होता. रंभाजी हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते.

मग 'गावगाडा' आला. आधी लांबून दिसली ती काठी, उंच, उन्हात पितळ चमकणारी. खाली सम्राट, पांढऱ्या सदऱ्यात, सावकाश पावलं टाकत. मागं घोड्यावर आदिनाथ, डोईला पणजोबाचं पागोटं. जयमालाचा ऊर भरून आला. भीमराज असता तर, असं तिच्या मनात आलं. आपण केलं ते बरोबर केलं, असंही आलं.

पण मिरवणूक चालवणाऱ्यांचं गणित वेगळंच होतं. सगळं प्रकरण तासभर मागं पडलं होतं. दिल्ली गेटच्या स्टेजवर मंत्री येऊन बसले होते आणि त्यांना पुढं शिर्डीला जायचं होतं. 'गावगाडा'च्या मागं समितीतल्याच एका बड्या माणसाचा डीजे होता, त्याला पहिल्यांदा स्टेजसमोर पोचायचं होतं. वॉकीटॉकीवाली पोरं ओरडायला लागली, थांबायचं नाही, चौकात कुणी थांबायचं नाही, चला चला. रेनातो ढोलांच्या ट्रकवर अडकलेला, तिथून हात करून नको नको म्हणत होता, पण उंटावरून शेळ्या कशा हाकणार? आणि त्याच वेळी मागच्या डीजेवाल्यानं आवाज सोडला.

चौकातल्या काचा थरथरल्या. घोडा लग्नाच्या वरातीतला, सवयीचा म्हणून आणलेला, पण एवढ्या जवळून त्यानं ते कधी ऐकलं नसावं. त्यानं कान पाडले आणि पुढं उसळी घेतली. आदिनाथ खोगिराला दोन्ही हातांनी चिकटला, घोडेवाला लगामाला लोंबकळला. आता उतरणं कुठलं आणि पागोटं काढणं कुठलं. घोड्याचं तोंड सम्राटच्या पाठीशी आलं, तसा सम्राट पळाला. पुढं गर्दी, लहान पोरं रस्त्यात आलेली. त्यांना बाजूला कसं करायचं? त्यानं काठी खाली घेतली आणि रस्त्यावर आपटत, घुंगरं खणखणवत तो ओरडत सुटला, "बाजूला व्हा, घोडा येतोय, बाजूला!"

गर्दी दुभंगली. लोकांना वाटलं हे असंच बसवलंय. हसले, शिट्ट्या वाजवल्या, मोबाईल वर केले. कुणीतरी म्हणालं, एक नंबर, जुन्या काळात अगदी असंच असायचं.

जयमाला उभी राहिली. खांद्यावर घोंगडी नव्हती एवढंच, बाकी चित्र तेच होतं, जसंच्या तसं. आणि तिनं शेजारी पाहिलं तर खुर्ची रिकामी.

रंभाजी रस्त्यात उतरले होते. कोटाची बटणं लावत, एकेक पाऊल टाकत ते चौकाच्या मधोमध गेले. घोडेवाल्यानं तोवर घोडा कसाबसा आवरला होता आणि सम्राट धापा टाकत आजोबांसमोर येऊन थांबला होता. "आबा, बाजूला व्हा," तो म्हणाला. रंभाजींनी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या डोक्यावरून घोड्याकडे. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली आणि कमरेत वाकले. वाकता वाकता गुडघे मोडले, तळहात डांबराला टेकले, कपाळ त्यांच्या मधे टेकलं. आणि त्यांच्या गळ्यातून जो आवाज आला तो त्यांचा नव्हताच. कोवळ्या, भ्यालेल्या पोराचा होता.

"जोहार, मायबाप, जोहार. पाटील, जोहार."

डीजे अजून वाजत होता, पण पुढच्या दोनचारशे माणसांनी ते ऐकलं असावं. कारण त्यांनी टाळ्या वाजवल्या. नुसत्या टाळ्या नाहीत, टाळ्यांचा कडकडाट. काय म्हातारा हाय, काय अभिनय हाय, असं जयमालाच्या कानाशी कुणीतरी म्हणालं. आदिनाथ घोड्याच्या मानेवर तोंड लपवून रडत होता. साऱ्या चौकात एकटा रेनातो टाळ्या वाजवत नव्हता. ट्रकवर उभा राहून त्यानं दोन्ही हात डोक्याला लावले होते.

जयमाला धावली. तिनं सासऱ्यांच्या दंडाला हात घातला, तर ते खालूनच म्हणाले, "तू नगं. त्याला उचलू दे."

सम्राटला उचलायला वाकावं लागणार होतं आणि वाकायला हात मोकळे लागणार होते. त्यानं काठी रस्त्यावर टाकली. आजोबांच्या काखेत हात घालून त्यानं त्यांना उभं केलं, त्यांच्या कपाळाला बारीक खडी चिकटली होती.

"काठी तू घेतलीस," रंभाजी त्याला म्हणाले, "पन तिच्यासंगं हे येतं, ते तुला कुनी दावलं न्हवतं."

सम्राटनं आजोबांच्या कपाळाची खडी आपल्या बाहीनं पुसली. तेवढ्यात वॉकीटॉकीवालं एक पोरगं पळत आलं, काठी उचलून त्याच्या हातात कोंबली आणि म्हणालं, दादा, तुमचं हे राहिलं, आणि चला लवकर, मागचे शिव्या देतायत.

ते पुढं गेले नाहीत. वाल्मिकनं गर्दीतून वाट काढली, गल्लीत रिक्षा मिळाली, त्यात सगळे बसले. काठी सम्राटच्या मांडीवर आडवी होती. रिक्षा खड्ड्यात गेली की घुंगरं वाजत, म्हणून त्यानं रस्ताभर ती मुठीत दाबून धरली.

घरी आल्यावर भामाबाईनं एकदा नवऱ्याच्या कपाळाकडे पाहिलं आणि गरम पाणी ठेवलं. तिनं त्यांचे गुडघे शेकले. सम्राट त्यांच्यासमोर जमिनीवर बसला होता आणि त्याला रडूही येत नव्हतं. आपण मधला रस्ता काढला आणि त्याच रस्त्यावर म्हाताऱ्याला गुडघ्यावर आणलं, हे जयमालाच्या मनातून जात नव्हतं. ती सासऱ्यांजवळ जाऊन म्हणाली, "मामा, माझं चुकलं."

"चुकलं ते माझंबी," रंभाजी म्हणाले. "म्याच सांगायला पायजे हुतं. भीमराजला सांगितलं, अन् त्याच्यावर टाकून मोकळा झालो."

दिवेलागणीला वाल्मिकचा फोन वाजला. समितीच्या अध्यक्षाचा होता. वाल्मिक सवयीनं हसत बोलायला लागला आणि मग त्याचं हसू तोंडावरच वाळलं. हो साहेब, हो साहेब, कळवतो, म्हणत त्यानं फोन ठेवला. वहिनीला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं आणि दबक्या आवाजात सांगितलं. 'गावगाडा'ला पहिला नंबर दिलाय. आणि परीक्षकांनी त्या वयस्कर कलाकाराला खास पारितोषिक जाहीर केलंय. उद्या टाऊन हॉलला घेऊन या म्हणतात, आजोबांना स्टेजवर घ्यायचंय.

"आबांना नका सांगू, वहिनी. मी परस्पर नाही म्हणून कळवतो," वाल्मिक म्हणाला. तिकिटाची गोष्ट त्याच्या तोंडात आली नाही, तेवढं त्याला श्रेय द्यायला हवं.

जयमाला म्हणाली, "नाही, भावजी. या घरात झाकून ठेवायचं ते आजवर पुष्कळ झालं."

ती बाहेर आली आणि सगळ्यांसमोर, सम्राटसमोर, तिनं सासऱ्यांना जसं होतं तसं सांगितलं. लोकांना तुम्ही फार आवडलात म्हणतात, मामा. तुम्हाला बक्षीस आहे.

भामाबाईचा शेकणारा हात थांबला. रंभाजी सुनेकडे बघत राहिले, जणू ती काय बोलली ते त्यांना नीट लावून घ्यायचं होतं. मग त्यांनी नातवाकडे मान वळवली.

"एकोनसत्तर वर्सं ताठ चाललो, सम्राट," ते म्हणाले. "तवा कुनी टाळी न्हाई वाजवली."